क्षारसहिष्णू वनस्पती : पानातले मीठ आणि पानातला गुण

गेल्या वर्षी दिवाळीनंतर देवळी तालुक्यातील एका गावी हरभरा लागवडीवरील चर्चासत्र आटोपून निघण्याच्या बेतात असताना एक बाई ओल्या फडक्यात गुंडाळलेली भाजीची जुडी घेऊन आल्या. बारीक, गोलसर, रसाळ पानांची हिरवी-तांबूस भाजी होती. त्या म्हणाल्या, "सर, हे मोरस. पोरीच्या सासरी उरणकडे खाडीच्या काठानं उगवते. मीठ न घालता केली तरी खारट लागते जी. बीपीवर लय चांगली म्हणतात. यायनं तर गोळी बंद करून हेच सुरू केलं."

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या यजमानांचा प्रश्न वेगळा होता. "आमच्या विहिरीखालच्या अर्ध्या एकरात पांढरं फुटलं आहे. तिथं हे लावलं तर जमीनबी सुधरन अन् भाजीबी विकल्या जाईन. काय म्हणता?"

मी त्यांना एवढेच सांगितले की, काका, गोळी आज रात्रीपासूनच पुन्हा सुरू करा आणि दोन दिवसांत डॉक्टरांना भेटा; बाकीचे उत्तर सवडीने देतो. प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. शिवाय अलीकडे 'खाऱ्या जमिनीतील औषधी भाज्या' या विषयावर बरेच छापून येत असल्यामुळे तो एकट्या त्या कुटुंबाचा राहिलेला नाही. म्हणून ते उत्तर येथे सविस्तर देत आहे.

वनस्पती मीठ कसे सोसते?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्याने कपाशी, तूर, हरभरा यांपैकी काहीही जगणार नाही. जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसी सायमन प्रति मीटरच्या वर गेली की ती जमीन क्षारयुक्त समजली जाते. पण काही पिकांना त्याच्या कितीतरी आधीच त्रास होतो. कांद्याचे उत्पादन १.२ च्या पुढेच घटू लागते. आर्वी, कारंजा भागातील संत्राही १.७ च्या आसपास कुरकुरू लागतो. याउलट कपाशी ७.७ पर्यंत फारसे नुकसान न होता तग धरते.

लिटरला सुमारे १२ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यावर ज्या वनस्पती उगवण्यापासून बी धरण्यापर्यंतचे आपले आयुष्य पूर्ण करू शकतात त्यांना शास्त्रात क्षारप्रिय किंवा लवणप्रिय वनस्पती म्हणतात. जगातील एकूण वनस्पतींमध्ये त्यांचे प्रमाण जेमतेम एक टक्का आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावर तिवर, कांदळ, चिपी हे खारफुटीचे वृक्ष आणि मोरस, माचोळ यांसारखी खाजणातील झुडपे या वर्गात येतात.

या सगळ्यांची तऱ्हा सारखी नाही. कांदळ मुळाशीच बहुतांश मीठ अडवतो. तिवर मीठ आत घेतो आणि पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकतो. उन्हाच्या दिवसांत तिवराच्या पानावर जीभ लावली तर ती खारट का लागते हे यावरून कळेल. मोरस आणि माचोळ यांनी तिसरा मार्ग धरला आहे. त्या मीठ आत घेतात आणि साठवून ठेवतात. पानातील प्रत्येक पेशीत पाण्याने भरलेली एक पिशवी असते, तिला रिक्तिका म्हणतात. सोडियम व क्लोराइड या पिशवीत कोंडले जातात आणि पेशीचा कामकाज चालणारा भाग मिठापासून वाचतो. पाने जाड व रसाळ होण्याचे कारणही हेच आहे. जितके मीठ जास्त तितके ते पातळ करण्यासाठी पाणीही जास्त साठवावे लागते.

आहाराच्या दृष्टीने ही तिसऱ्या प्रकारची वनस्पती महत्त्वाची, कारण खाण्यात येते ती हीच. आणि तिच्या पानात जे काही गुणाचे आहे ते सर्व मिठाच्या शेजारी बसलेले आहे, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवावी.

पानात काय काय असते?

मोरस किंवा माचोळीच्या १०० ग्रॅम ताज्या कोवळ्या पाल्यात ८५ ते ९० ग्रॅम पाणीच असते. उरलेल्या कोरड्या भागाचा साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहून अधिक, जाळल्यावर राख म्हणून शिल्लक राहतो. आपल्या नेहमीच्या पालेभाज्यांच्या मानाने हे प्रमाण बरेच मोठे आहे. म्हणजे १०० ग्रॅम ताज्या पाल्यात ३ ते ५ ग्रॅम खनिजे आणि त्यांत बहुतांश साधे मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसभरात सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्याची शिफारस केली आहे. कच्च्या मोरसाची एक वाटी त्यातला निम्म्याहून अधिक वाटा एकाच घासाच्या वेळी उरकून टाकते. रक्तदाबाच्या रोग्याने गोळी सोडून ही भाजी खावी या सल्ल्यातील धोका येथेच आहे.

या राखेचा जुना उपयोगही सांगण्यासारखा आहे. शेतातील सामान्य वनस्पती जाळल्या की राखेत पोटॅश अधिक येते, खाऱ्या जमिनीतील वनस्पती जाळल्या की सोडा अधिक येतो. सिंध-पंजाबकडे अशी झुडपे जाळून सज्जीखार काढीत. कपडे धुण्यास, काच करण्यास आणि औषधात तो वापरला जाई. युरोपातही काच व साबणासाठी हाच मार्ग होता. पुढे १७९१ साली फ्रान्समध्ये लब्लांक याने साध्या मिठापासून सोडा बनविण्याची रीत काढली आणि या झुडपांचा व्यापार मागे पडला.

आता मिठाखेरीजच्या घटकांकडे वळू. रिक्तिकेत मीठ कोंडले तरी पेशीच्या उरलेल्या भागाला पाणी धरून ठेवण्यासाठी काहीतरी निरुपद्रवी द्रव्य लागते, नाहीतर सर्व पाणी पिशवीकडे ओढले जाईल. यासाठी वनस्पती बीटेन, प्रोलिन व काही शर्करा तयार करते. बीटेन हे नाव बीट या कंदावरून पडले, कारण ते प्रथम बीटच्या रसात सापडले. माणसाच्या शरीरात बीटेन यकृताच्या कामी येते. रक्तातील होमोसिस्टीन नावाचे द्रव्य कमी ठेवण्यास ते मदत करते आणि त्यासाठी दिवसाला दीड ग्रॅमच्या आसपास बीटेन लागते, हे युरोपातील अन्नसुरक्षा यंत्रणेनेही मान्य केले आहे. होमोसिस्टीन वाढलेल्या लोकांत हृदयविकार अधिक आढळतो. मात्र ते कमी केल्याने हृदयविकार टळतो असे सरळ गणित अजून सिद्ध झालेले नाही. जाता जाता, बीटेन गव्हाच्या कोंड्यातही भरपूर असते. तो आपण चाळणीने वेगळा करून म्हशीपुढे ठेवतो.

दुसरा गट फिनॉलवर्गीय द्रव्यांचा. फेरुलिक आम्ल, क्वेर्सेटिन व तत्सम पदार्थ या वर्गात मोडतात. खारेपणा, कडक ऊन आणि पाण्याचा ताण एकत्र आला की पानात ऑक्सिजनची उपद्रवी रूपे तयार होतात व पेशींची नासधूस करतात. त्यांना आवर घालण्यासाठी वनस्पती ही द्रव्ये बनविते. म्हणून ताणाखाली वाढलेल्या वनस्पतीत ती बहुधा अधिक सापडतात. मोरस आणि माचोळ मोसमाच्या अखेरीस तांबड्या-जांभळ्या होतात तो रंग बीटालेन या रंगद्रव्याचा. बीटचा, लाल माठाचा आणि राजगिऱ्याच्या कणसाचा रंगही याच जातीचा आहे. याशिवाय 'अ' जीवनसत्त्वाचा पूर्वघटक कॅरोटीन, 'क' जीवनसत्त्व, मॅग्नेशियम व पोटॅशियम ही पालेभाज्यांतील नेहमीची मंडळी येथेही आहेत.

माचोळीच्या बियांत तेल असते. तिच्या अमेरिकेतील एका भगिनी-जातीच्या बियांत २६ ते ३३ टक्के तेल व सुमारे ३१ टक्के प्रथिने आढळली आणि त्या तेलात लिनोलिक आम्लाचे प्रमाण करडईच्या तेलासारखेच, सत्तर टक्क्यांच्या वर होते. समुद्राच्या पाण्यावर तेलबियांचे पीक घेता येईल ही कल्पना १९९१ च्या सुमारास या निष्कर्षांमुळे जगभर गाजली. आपल्याकडे भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने गुजरातच्या किनाऱ्यावरील माचोळीवर बरेच काम केले असून तिच्यापासून तेलाबरोबरच 'वनस्पतिज मीठ' काढण्याची पद्धतही विकसित केली आहे. त्या मिठात पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचा अंश साध्या मिठापेक्षा अधिक असतो. तरी ते मूलतः मीठच आहे, हे विसरू नये.

आणि आता नावडते नाव, ऑक्झॅलिक आम्ल. सोडियम-पोटॅशियमचा विद्युतभार तोलण्यासाठी या कुळातील वनस्पती पानात ऑक्झॅलेट साठवितात. ते आतड्यात कॅल्शियमला बांधून टाकते, त्यामुळे भाजीतील कॅल्शियम अंगी लागत नाही. आणि शोषले गेलेले ऑक्झॅलेट मूत्रपिंडात कॅल्शियमशी मिळून खडे बनवू शकते. क्षारयुक्त पाल्यावर उपाशीपोटी सोडलेल्या मेंढ्या यामुळे दगावल्याची उदाहरणे परदेशात नोंदली गेली आहेत.

औषधी गुण : किती खरे, किती अजून ठरायचे?

या भाज्यांविषयी छापून येणाऱ्या मजकुरात 'मधुमेहावर गुणकारी', 'कर्करोगरोधक', 'रक्तदाब कमी करते' असे उल्लेख हमखास असतात. मी स्वतः काही वर्षांपूर्वी वर्गात हे उल्लेख जसेच्या तसे सांगत असे. पुढे मूळ प्रयोग वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की यांतील बहुतेक काम परीक्षानळीतील आहे. पानाचा अर्क अल्कोहोलमध्ये काढायचा, तो एखाद्या रंगीत द्रव्याचा रंग किती घालवितो ते मोजायचे आणि त्यावरून ऑक्सिडीकरणरोधक शक्ती ठरवायची. ही पद्धत चुकीची नाही. पण चहाची पाने, आंब्याची कोय आणि डाळिंबाची सालही या परीक्षेत उत्तम गुण मिळवतात. परीक्षानळीतून माणसापर्यंतचा रस्ता लांबचा आहे.

त्यानंतरची पायरी उंदरांवरील प्रयोगांची. कोरियात माचोळवर्गीय वनस्पतीचा अर्क दिलेल्या उंदरांत जास्त मिठामुळे होणारी रक्तदाबाची वाढ कमी दिसून आली आणि त्याचे श्रेय फेरुलिक आम्लाकडे जाऊ शकते असे संशोधकांचे म्हणणे आहे. हा निष्कर्ष आशादायक आहे. परंतु मोजून दिलेला अर्क वेगळा आणि कढईतील खारी भाजी वेगळी. गोळीच्या जागी ही भाजी ठेवता येईल, असे म्हणण्याइतका माणसांवरील पुरावा आज नाही.

कोळी-आगरी समाजातील स्त्रिया ही भाजी पिढ्यान् पिढ्या करीत आल्या आहेत. त्यांची रीत मला कोणत्याही प्रयोगशाळेच्या शिफारशीहून अधिक शहाणपणाची वाटते. पाला निवडून भरपूर पाण्यात उकळायचा, पिळून ते पाणी टाकून द्यायचे, मग कांदा-लसणावर, बहुधा सुकट किंवा जवळा घालून परतायचा. वरून मीठ घालायचे नाही. उकळलेल्या पाण्याबरोबर मीठही जाते आणि पाण्यात विरघळणारे ऑक्झॅलेटही मोठ्या प्रमाणात जाते. थोडे 'क' जीवनसत्त्वही त्याबरोबर जाते, पण ते लिंबू पिळून भरून काढता येते. आपल्या देवळीच्या बाईंनी मात्र पाणी टाकले नव्हते. 'सत्त्व जाईल' म्हणून त्यांनी ते डाळीत घातले होते.

समुद्राचे नातेवाईक आपल्या बांधावर

वर्धा जिल्ह्यात मोरस आणण्याची गरज खरोखर आहे काय, हा पुढचा प्रश्न. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मोरस व माचोळ ही चाकवताच्या कुळातील आहेत. त्याच घरातले बीट आणि पालक. आपल्याकडे पालक म्हणून सर्वसाधारणपणे पेरला जाणारा वाण, उदाहरणार्थ ऑल ग्रीन किंवा पुसा ज्योती, हा बीटच्याच जातीचा असून बीटचा रानटी पूर्वज आजही युरोपच्या समुद्रकाठी उगवतो. राजगिरा व माठ हे जवळचे चुलते. वर्ध्याच्या बाजारात गुरुवारी घेतलेली पालकाची जुडी ही किनाऱ्यावरून कधीकाळी शेतात आलेली भाजीच आहे. म्हणूनच पालक बऱ्यापैकी खारे पाणी सहन करतो आणि म्हणूनच त्यात बीटेनही आहे व ऑक्झॅलेटही.

पण या सगळ्यांत शेतकऱ्याने अधिक लक्ष द्यावे अशी वनस्पती म्हणजे घोळ. सोयाबीनच्या तासात, कपाशीच्या सरीत, विहिरीच्या धावेवर ती आपोआप येते आणि आपण तिला तण म्हणून उपटतो. उन्हाळ्यात आपल्याकडे आवडीने खाल्ली जाणारी चिवळ ही तिचीच बारीक पानांची धाकटी बहीण. घोळ मध्यम क्षारसहिष्णू आहे. जमिनीची विद्युत वाहकता ६ च्या आसपास जाईपर्यंत तिचे उत्पादन घटत नाही. मोरसाप्रमाणे तिचे पान रसाळ आहे, खोड तांबूस बीटालेनचे आहे. पण आपल्या गोड्या जमिनीत वाढली की तिच्यात मिठाचा साठा नसतो, ही तिची मोठी जमेची बाजू.

घोळीच्या १०० ग्रॅम ताज्या पानांत ३०० ते ४०० मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ वर्गातील स्निग्धाम्ल, असते. पालेभाज्यांत हे प्रमाण ठळक आहे. त्याच पानांत सुमारे १२ मिलिग्रॅम 'ई' जीवनसत्त्व आणि २५ मिलिग्रॅमच्या आसपास 'क' जीवनसत्त्व मिळते. १९८० च्या दशकाच्या शेवटी ग्रीसमधील मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत हे ओमेगा-३ बाजारी अंड्यांच्या कितीतरी पट आढळले. त्या कोंबड्या जे टिपत होत्या त्यात घोळही होती. निंदणीतून निघालेली स्वच्छ घोळ परसातल्या कोंबड्यांपुढे टाकण्याने काही बिघडत नाही.

तरीही प्रमाण पाहावे. आपल्या विदर्भाचे जुने पीक जवस. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास हेच आम्ल असते. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम, जवसाच्या चटणीतून साधारण एक ग्रॅम आम्ल मिळते. तेवढ्यासाठी पाव किलोहून अधिक घोळ खावी लागेल. ज्या घरात जवसाची चटणी रोज ताटात आहे त्या घराला ओमेगा-३ साठी समुद्राकडे पाहण्याचे कारण नाही. घोळीचा खरा उपयोग हा की ती चैत्र-वैशाखात, इतर हिरवा पाला महाग असताना, फुकट मिळते.

आपल्या जिल्ह्यात हा विचार नवा नाही. गांधीजी मगनवाडीत राहत असताना १९३५ साली त्यांनी 'हरिजन'मधून खेड्यातील माणसाला केवळ खुडण्याच्या श्रमात मिळणाऱ्या हिरव्या पानांचा आहारात समावेश करण्यावर लिहिले होते आणि आश्रमात त्याचे प्रयोगही चालत.

घोळीतही ऑक्झॅलेट आहे, १०० ग्रॅम ताज्या पानांत पाऊण ते सव्वा ग्रॅमपर्यंत. येथे पुन्हा आपल्या आजीची रीत कामास येते. घोळ, चाकवत ताकात शिजविण्याची पद्धत केवळ चवीसाठी नाही. दही-ताकातील कॅल्शियम विद्राव्य ऑक्झॅलेटला भांड्यातच बांधते आणि ते शरीरात कमी शोषले जाते. न्यूझीलंडमधील प्रयोगात घोळीची पाने दह्याबरोबर खाल्ल्यास विद्राव्य ऑक्झॅलेट घटल्याचे दिसले आहे. पाला आधी उकळून पाणी टाकले तर आणखी बरे.

कोणी जपावे हेही सांगितले पाहिजे. मुतखड्याचा त्रास होऊन गेलेल्यांनी घोळ, पालक, चाकवत रोज खाऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पोटॅशियम वर्ज्य असते आणि घोळीच्या १०० ग्रॅममध्ये ते जवळजवळ ५०० मिलिग्रॅम असते. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू नये. आणि सर्वांसाठी एक गोष्ट : ज्या शेतात तणनाशक फवारले आहे तेथील घोळ किंवा चिवळ खुडू नये. पानावर डाग दिसत नाही, झाड ताजे दिसते, म्हणून ती निर्धोक होत नाही. भरपूर युरिया पडलेल्या व नंतर पाण्याचा ताण बसलेल्या जागी या पाल्यात नायट्रेट साठते. तसेच गावच्या सांडपाण्याच्या नालीकाठची घोळ कितीही लुसलुशीत दिसली तरी घेऊ नये. रसाळ वनस्पती मिठाबरोबर जड धातूही साठवू शकतात. शहरालगतच्या खाडीतील मोरसाबाबतही हीच काळजी लागू आहे.

ज्यांना घोळ मुद्दाम लावायची आहे त्यांनी परसबागेत लहान वाफा करावा. बी मोहरीहूनही कितीतरी बारीक असते, ते वाळू किंवा राखेत मिसळून पृष्ठभागावर फोकावे. वरून माती टाकू नये, कारण उगवणीला उजेड लागतो. झारीने हलके पाणी द्यावे. महिना-सव्वा महिन्यात शेंडे खुडण्यास येतात आणि बी धरण्यापूर्वी दोन-तीन खुडे मिळतात. बी धरू दिले तर पुढची काही वर्षे ती आपसूक येत राहील, याची मात्र तयारी ठेवावी.

खाऱ्या तुकड्याचे काय?

आता काकांच्या अर्ध्या एकराकडे येऊ. क्षारप्रिय झाडे लावून जमीन गोडी करता येते काय? तमिळनाडूत याचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात मोरस आणि घोळीसारखी दिसणारी किनाऱ्यावरील दुसरी एक वेल यांनी चार महिन्यांत हेक्टरी साधारण ४७५ ते ५०० किलो मीठ जमिनीतून उचलले. आकडा मोठा वाटतो. पण दुसरी बाजू मांडून पाहा.

विहिरीच्या पाण्याची विद्युत वाहकता २ असेल तर एक लिटरमध्ये सुमारे १.२८ ग्रॅम क्षार असतात. ५ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे हेक्टरी ५०० घनमीटर पाणी. त्याबरोबर ६४० किलो क्षार जमिनीत पडतात. म्हणजे मोरस चार महिने राबून जेवढे मीठ उचलील त्याहून अधिक क्षार त्याच विहिरीच्या एका पाळीने परत येतील. त्यातही मोरस मुळासकट कापून शेताबाहेर नेला तरच हा हिशोब. पाला तेथेच कुजला तर मीठ जागेवरच. जनावरांना घातला तर ती पाणी जास्त पितात, चारा म्हणून तो एकटा चालत नाही आणि शेणमूत्रातून मीठ पुन्हा उकिरड्यावर व तेथून शेतात येते.

म्हणून आधी रोग ओळखावा. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा आपल्याला ऐकून माहीत आहे. तेथे भूजल खारे आहे आणि काळ्या जमिनीच्या खालच्या थरांत विनिमययोग्य सोडियम वाढल्यामुळे निचरा बंद पडतो. वर्ध्याची बहुतेक जमीन त्या पट्ट्यात मोडत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि निचरा असेल तर क्षार धुऊन नेण्यास तो पुरेसा आहे. आपल्याकडे पांढरे फुटते ते मुख्यतः सखल जागी, कालव्याच्या वा विहिरीच्या पाझराखाली, जेथे पाणी वर चढते आणि क्षार मागे ठेवून वाफ होऊन जाते. पांढरी पापुद्र्यासारखी खपली, भुसभुशीत पृष्ठभाग आणि सामू ८.५ च्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त समजावी. तिला निचरा व धुणे पुरते. ओली असता लोण्यासारखी चिकट, वाळली की दगडासारखी, सामू ८.५ च्या वर, तर ती चोपण. तिला माती परीक्षणानुसार जिप्सम द्यावे लागते. डोळ्यांनी फसगत होते, म्हणून नमुना तपासूनच ठरवावे. सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राकडे याबाबत विचारणा करता येईल. मातीबरोबर विहिरीच्या पाण्याची बाटलीही न्यावी. ती नेण्याचे बहुतेक जण विसरतात.

जेथे निचरा करणे शक्यच नाही आणि जमीन अतिशय खारी आहे तेथे क्षारप्रिय वनस्पतींना स्थान आहे. गुजरातमध्ये भरूच भागातील अतिक्षारयुक्त काळ्या जमिनीत पिलूच्या लागवडीवर चांगले काम झाले आहे. त्याच्या बियांचे तेल साबण उद्योगाला चालते. कोकणातील खार जमिनीसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २ व ३ हे भाताचे वाण दिले. अशा जमिनीचा मालक मोरस विकून चार पैसे मिळवू शकेल, कारण तेथे भाजी जागच्या जागी आहे आणि ओळखणारे गिऱ्हाईकही. देवळीहून उरणच्या भाजीला गिऱ्हाईक शोधणे हे मला तरी जुळणारे वाटत नाही. शिवाय गोड्या काळ्या जमिनीत मोरस वाढला तरी त्याचा तो खारेपणा आणि ताणामुळे येणारी द्रव्ये तेवढी राहतीलच असे नाही.

काकांच्या शेताचा मातीचा आणि पाण्याचा अहवाल आला तेव्हा जमीन क्षारयुक्त निघाली, चोपण नव्हे. विहिरीच्या पाण्याची विद्युत वाहकता २ च्या थोडी वर होती. त्यांना सुचविले ते असे : उताराच्या बाजूने नाल्यापर्यंत तीन फूट खोल चर काढावा, विहिरीकडून येणारा पाझर आडव्या चराने तोडावा, पावसाळ्यापूर्वी तुकड्याला बांध घालून जुलैचे पाणी दोन-तीनदा साठवून चरातून सोडून द्यावे, मग धैंचा पेरून फुलोऱ्याच्या आधी गाडावा. त्या तुकड्यात दोन वर्षे हरभरा किंवा कांदा घेऊ नये, कपाशी चालेल. संत्र्याची कलमे तर मुळीच लावू नयेत. विहिरीचे पाणी तेथे कमीत कमी द्यावे.

चर या वैशाखात निघाला. आडव्या चराला पहिल्याच रात्री पाणी लागले, ते चाखून पाहिले तर खारट होते. दसऱ्यानंतर त्याच चार जागांचे नमुने पुन्हा काढायचे ठरले आहे. काकांची गोळी चालू आहे. मोरसाची रोपे बाईंनी न्हाणीजवळच्या फुटक्या माठात लावली होती, त्यांपैकी दोन जगली आहेत. शेजारच्या वाफ्यातली चिवळ मात्र त्यांनी यंदा तीनदा खुडली.